म्हातारीं विमानें

जुन्या वस्तूंवर माणसें दोन तऱ्हांनीं प्रेम करतात. कांहीं माणसें ती वस्तु कांचेच्या कपाटांत ठेवून तिच्यावर धूळ बसूं देत नाहींत. कांहीं ती वापरांत ठेवतात आणि झिजूं देतात. माझ्या आजीची पैठणी या दुसऱ्या प्रकारच्या प्रेमानें संपली. घरांतल्या प्रत्येक मंगलकार्यांत ती कोणी ना कोणी नेसली, आणि अखेर तिचे काठ तेवढे उरले, ते माझ्या बहिणीच्या परकराला लागले. आमच्या नाशकाचा कल याच बाजूला आहे असें मला वाटतें. वसईच्या मोहिमेंतून आलेली म्हणून सांगितली जाणारी मोठी थोरली घंटा या गांवानें संग्रहालयांत नेऊन ठेवली नाहीं. गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर टांगली आणि ऊन, पाऊस व पूर यांच्या स्वाधीन केली.

पण कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाहीं. तलवार म्यानांतही तलवारच असते. तोफ बुरुजावर गंजत पडली तरी तिच्या तोंडाकडे पाहून तिचा धाक कल्पितां येतो. विमानाचें तसें नाहीं. घारीला अंगणांत चालतांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. आकाशांत जिच्या एका गिरकीनें कोंबड्यांची दाणादाण उडते, तीच घार जमिनीवर उतरली कीं एखाद्या पाय मुरगळलेल्या म्हातारीसारखी दिसते. चौथऱ्यावर खांब रोवून त्यावर बसविलेलें लढाऊ विमान मला नेहमीं असेंच दिसत आलें आहे. एका गांवच्या चौकांतील अशा एका विमानाच्या तोंडांत साळुंक्यांनीं घरटें केलेलें मीं पाहिलें आहे. साळुंक्यांचा त्यांत कांहीं दोष नाहीं. त्यांना ती एक चांगली खोल, कोरडी ढोली वाटली असावी.

हा विषय माझ्या मनांत आला तो माझ्या मामांमुळें. मामा ओझरच्या विमानांच्या कारखान्यांत पस्तीस वर्षें होते. नाशिकपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, द्राक्षांच्या बागांच्या शेजारीं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें १९६४ सालीं हा कारखाना काढला तो मिग-२१ जातीचीं लढाऊ विमानें बांधण्यासाठीं. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसांतील कोरापुटला आणि विजेचीं नाजुक यंत्रें हैदराबादला, अशी कामाची वांटणी होती. मामा १९६८ सालीं तेथें लागले ते रिव्हेट ठोकणाऱ्यांपैकीं एक म्हणून. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट ठोकावयाचा तर माणसें दोन लागतात. बाहेरचा माणूस वाऱ्याच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यानें ठोकतो आणि आंतला माणूस रिव्हेटच्या शेपटाला लोखंडाचा जड ठोकळा टेकवून बसतो. दोघांना एकमेकांचें तोंड दिसत नाहीं, आणि त्या कल्लोळांत बोलणें तर ऐकूंच येत नाहीं. मामा अंगानें किडकिडीत, म्हणून त्यांची नेमणूक आंत. ठोका नीट बसला कीं आंतून पत्र्यावर एक टिचकी, बिघडला कीं दोन, अशी त्यांची व त्यांच्या जोडीदाराची खूण ठरलेली होती. त्या जोडीदाराशीं आपण सहा वर्षांत शब्दांपेक्षां टिचक्यांनींच अधिक बोललों, असें मामा सांगतात. आजही ते जेवतांना भाजी चांगली झाली म्हणजे पाटावर एक टिचकी मारतात. दोन टिचक्या मारण्याचें धैर्य मात्र त्यांनीं मामींपुढें कधीं केलेलें नाहीं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें मिग-२१ विमानांना वायुसेनेनें निरोप दिला. सहा दशकांहून अधिक काळ तीं सेवेंत होतीं. शेवटचीं विमानें उतरलीं तेव्हां त्यांच्यावर दोन बाजूंनीं पाण्याच्या कमानी धरल्या होत्या. मामा हा सोहळा घरांत बसून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलें असें मी लिहिणार नाहीं, कारण तें आलें नाहीं. सोहळा संपल्यावर चष्मा पुसत त्यांनीं एवढेंच विचारलें, "यांतलें एखादें तरी उडतें ठेवणार आहेत का रे?"

या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. पण मामा एकदां विचारून गप्प बसतात आणि ती त्यांची गप्प बसण्याची रीत फार बोलकी असते. म्हणून मीं जुनीं लढाऊ विमानें पुन्हा उडविणाऱ्या लोकांविषयीं वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां मला प्रथम भेटलें तें काशीचें एक विमान.

१९४० च्या उन्हाळ्यांत जर्मनीच्या हवाई दलानें इंग्लंडवर धाड घातली त्या वेळीं तिला तोंड देण्याचें अर्धें अधिक काम हरिकेन जातीच्या विमानांनीं केलें. स्पिटफायरचें नांव मोठें झालें, पण संख्येनें अधिक होतीं तीं हरिकेन. त्यांतील आर ४११८ या क्रमांकाचें विमान त्या लढाईंत ४९ वेळां शत्रूवर चालून गेलें. पुढें १९४३ च्या अखेरीस तें जहाजानें हिंदुस्थानांत आलें. बर्म्याच्या आघाडीवर आपल्या वायुसेनेच्याही अनेक तुकड्या हरिकेन घेऊन लढत होत्या. परंतु या विशिष्ट विमानाच्या नशिबीं येथें लढाई नव्हती. १९४७ सालीं तें बनारस हिंदु विश्वविद्यालयाला यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं देण्यांत आलें. विद्यार्थी शिकले, गेले. विमान तेथेंच राहिलें. त्याच्या पाठीचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. काशीचे पावसाळे त्यावर एकामागून एक कोसळत गेले आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा तेवढा टिकला.

१९८२ सालीं पीटर व्हेचर नांवाचा एक इंग्रज गृहस्थ हिंदुस्थानांत आला होता. त्याला वेड जुन्या रोल्स-रॉइस मोटारींचें. त्या कोठल्या संस्थानिकाच्या पागेंत सांपडतात काय हें तो पाहत होता. तो मोटारी शोधावयास निघाला आणि त्याला दिसलें विमान. पण तें हातीं येण्यास पुढें जवळजवळ वीस वर्षें गेलीं. कागदपत्रें, परवानग्या, पुन्हा कागदपत्रें! हा भाग मी सविस्तर सांगत नाहीं. आपल्यापैकीं ज्यांनीं साधा सातबाराचा उतारा काढला असेल त्यांना तो कल्पनेनें भरून घेतां येईल. २००१ सालीं विमान इंग्लंडला पोंचलें, आणि २३ डिसेंबर २००४ रोजीं तें पुन्हा उडालें. १९४० सालीं ज्या तरुणानें त्यांत बसून लढाई केली होती तो बॉब फॉस्टर तेव्हां हयात होता. चौऱ्यांशीं वर्षांच्या त्या माणसाच्या डोक्यावरून त्याचें स्वतःचें विसावें वर्ष घोंगावत गेलें असेल.

हें वाचून मीं तें मामांना सांगितलें. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्यांतलें जुनें किती उरलें?" प्रश्न कारागिराचा होता आणि तो बिनतोड होता. असें विमान उभें करतांना प्रथम तें अगदीं शेवटच्या खिळ्यापर्यंत सोडवितात. प्रत्येक तुकड्याची तपासणी होते. धातूला आंतून कीड लागली आहे काय, हें क्ष-किरणांनीं आणि रंगीत द्रवांनीं पाहतात. पंखांचा भार सोसणारे कणे बहुधा नवेच करावे लागतात, कारण धातूला वयाबरोबर थकवा येतो आणि तो वरून दिसत नाहीं. पत्रे नवे, रिव्हेट नवे, नळ्यांतील रबर नवें, तारा नव्या. कांहीं मिश्रधातूंचे रिव्हेट भट्टींतून काढल्याबरोबर थंडगार पेटींत ठेवावे लागतात. बाहेर राहिले तर ठोकण्यापूर्वींच कडक होऊन बसतात. इंजिन जुनें असलें तरी त्याचा प्रत्येक भाग मोजून, घासून, बदलून लावतात. मूळच्या वस्तूंपैकीं काय राहतें? कोठें एखादी चौकट, कोठें चालकाच्या हातांतील दांड्याची मूठ, आणि क्रमांकाची पट्टी. त्या पट्टीला या लोकांत फार मान आहे. ती असली म्हणजे विमान तेंच. नसली तर ती नक्कल.

पाश्चात्य विद्वान यावर पुष्कळ वाद घालतात. मला मात्र या वादाचें फारसें नवल वाटलें नाहीं, कारण आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणून एक शब्द आहे. आमच्या जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वराचें आजचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलें. तेथें पूर्वीं होतें तें देऊळ निराळें. तरी तेथें जाणारा एकही यात्रेकरू नव्या देवळांत आलों असें म्हणत नाहीं. मामांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं मान हलविली आणि म्हणाले, "देवळाला तीनशें किलोमीटरांच्या वेगानें जमिनीवर उतरावें लागत नाहीं." आमचे मामा असे आहेत. त्यांच्यापुढें दृष्टांत टिकत नाहीं.

खरें पाहतां मोडक्या विमानाला उडतें करणें ही आपल्या देशाला नवी गोष्ट नाहीं. विमानांचा पहिला कारखाना येथें काढला तो सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनीं, १९४० च्या डिसेंबरांत, बंगळूरला. (नाशिककरांना ते आधींपासून ओळखीचे, ते रावळगांवच्या साखरेमुळें.) तेथें नवीं विमानें थोडीं बांधून होतात न होतात तोंच युद्ध दाराशीं आलें, आणि १९४३ पासून अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती हेंच त्या कारखान्याचें मोठें काम झालें. म्हणजे आमचे कारागीर विमान बांधावयास शिकले तें बरेचसें मोडलेलें विमान जोडतां जोडतां. त्या विद्येची परीक्षा १९४८ सालीं झाली. ब्रिटिश हवाई दल परत जातांना अमेरिकेकडून उसनीं मिळालेलीं लिबरेटर जातीचीं अवाढव्य बाँबफेकी विमानें कानपूरजवळ टाकून गेलें होतें, आणि तीं पुन्हा कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत अशी त्यांची मोडतोडही झाली होती. बंगळूरचे कारागीर तेथें गेले. एकाचा पंख दुसऱ्याला, दुसऱ्याचें चाक तिसऱ्याला, असें करीत त्यांनीं एकेक विमान कसेंबसें उडण्याजोगें केलें, आणि जमशेद मुन्शी या चालकानें तीं एकामागून एक बंगळूरला नेलीं. त्या उड्डाणांचा विचार केला म्हणजे अजूनही माझ्या पोटांत गोळा येतो. बंगळूरला त्यांची पुरी दुरुस्ती झाली; अशीं चाळिसांहून अधिक विमानें तयार झालीं आणि त्यांतलीं शेवटचीं १९६८ पर्यंत आपल्या वायुसेनेंत होतीं. सेवा संपल्यावर त्यांतलीं कांहीं इंग्लंड, कॅनडा, अमेरिका येथील संग्रहालयांनीं मागून नेलीं, कारण जगांत इतरत्र तीं भंगारांत गेलीं होतीं. एक तर अमेरिकेंत १९८९ सालीं पुन्हा उडालें.

स्पिटफायरचीही गोष्ट अशीच. वीस हजारांहून अधिक बांधलीं गेलीं. युद्ध संपल्यावर इंग्लंडांत त्यांचीं भांडीं झालीं. आपल्याकडे जीं राहिलीं तीं विमानतळांच्या मागच्या गवतांत उभीं राहिलीं. १९७० नंतर परदेशी शौकिनांनीं येथून बरींच नेलीं आणि त्यांतलीं कांहीं आज तिकडच्या आकाशांत उडत आहेत. एमएल ४१७ क्रमांकाचें एक विमान १९४४ सालीं नॉर्मंडीवर लढलें, मग दोन आसनांचें होऊन शिकाऊ चालकांसाठीं हिंदुस्थानांत आलें, येथून अमेरिकेला गेलें, तेथून इंग्लंडला, आणि १९८४ सालीं पुन्हा उडालें. आपण जुन्या वस्तु जपत नाहीं असा आपल्यावर नेहमींचा आरोप आहे. या बाबतींत आपण जपल्या नाहींत हें खरें, पण मोडीतही घातल्या नाहींत. आणि पुष्कळदां वस्तु वांचते ती जपणाऱ्यामुळें नव्हे, तर ती उचलून टाकण्याचा ज्याला कंटाळा आला अशा माणसामुळें. आमच्या माळ्यावरील निम्मे पितळी हंडे याच पुण्याईवर टिकले आहेत.

आपल्या वायुसेनेनें १९८८ सालीं जुन्या विमानांची एक निराळी तुकडी काढली. ती मध्यंतरीं मंदावली. २०१२ सालीं वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनीं टायगर मॉथ हें दोन मजली पंखांचें विमान पुन्हा उडालें, आणि २०१८ सालीं इंग्लंडांत दुरुस्त झालेलें डकोटा विमान तेथून उडत उडत घरीं आलें. १९४७ च्या ऑक्टोबरांत श्रीनगरला आपलें सैन्य उतरविणाऱ्या डकोटांच्या जातीचेंच तें, आणि त्याला 'परशुराम' असें नांव दिलें आहे. पण मॉथ हें शिकाऊ विमान आणि डकोटा ओझेंवाहू. मामांचा प्रश्न लढाऊ विमानाचा होता, आणि तोही जेट.

येथें मात्र प्रकरण अवघड होतें. स्पिटफायरचें मर्लिन इंजिन बारा नळकांड्यांचें. कसेंही झालें तरी तें मोटारीच्या इंजिनाचें भावंड आहे. हुशार कारागिरांच्या चार डोक्यांत तें मावतें. जेट इंजिनाच्या पात्यांना आपलें आयुष्य तासांत मोजून दिलेलें असतें. तें संपलें कीं त्या पात्या नव्या कराव्या लागतात, आणि त्या करणारा कारखाना तोंवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. चालकाला बाहेर फेंकणाऱ्या आसनाखालीं दारू ठासलेलीं काडतुसें असतात. तींही ठरल्या मुदतीनंतर निकामी समजावीं लागतात. मिग-२१ चे पंख आंखूड, तिकोनी, वेगासाठीं केलेले. मामांनीं देवळाला जो वेग लावला तो याच विमानाचा. स्पिटफायर त्याच्या निम्म्याच वेगानें अलगद उतरतें. तरी ही गोष्ट अशक्य नाहीं. स्वीडन या आपल्या एखाद्या जिल्ह्याइतक्या लोकवस्तीच्या देशानें स्वतः बांधलेलीं ड्राकेन आणि व्हिगेन हीं जेट विमानें निवृत्तीनंतरही उडतीं ठेवलीं आहेत. तेथल्या जुन्या कारागिरांनीं नव्यांना हाताला धरून शिकविलें, म्हणून तें झालें.

इतकें वाचून झाल्यावर माझें मत मामांच्या बाजूला झुकलें होतें. तेवढ्यांत मला शोरहॅमची हकीकत वाचावयास मिळाली. २२ ऑगस्ट २०१५ रोजीं इंग्लंडांतील त्या गांवीं हंटर जातीचें एक जुनें लढाऊ जेट (१९७१ सालीं लोंगेवालाच्या वाळवंटांत आपल्यासाठीं लढलीं तींच हीं) प्रेक्षकांपुढें कसरत करतांना रस्त्यावर कोसळलें. अकरा माणसें मेलीं. त्यांतलें एकही विमानांत नव्हतें, आणि कित्येक तर आपापल्या कामाला रस्त्यानें चाललेलीं होतीं. चालक वांचला. आणि मे २०२४ मध्यें ब्रिटिश वायुदलाच्या स्मारक-तुकडीचें एक स्पिटफायर कोसळून त्याचा चालक ठार झाला. युद्ध संपून ऐंशीं वर्षें होत आलीं असतां एखाद्या तरुणानें स्पिटफायरमध्यें मरावें, याला काय म्हणावें तें मला कळत नाहीं.

आणि दुसरी एक गोष्ट मला पुस्तकांत वाचावी लागली नाहीं. आमच्या ओळखीच्या एका घरांतला मुलगा वायुसेनेंत होता. सरावाच्या उड्डाणांत तो गेला. त्याला आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्याची आई अजून आमच्याच बाजूला राहते. ओझरहून निघालेलें एखादें विमान गांवावरून गेलें म्हणजे सारीं मुलें गच्चीवर धांवतात. त्या बाई हातांतलें काम तसेंच ठेवून तो आवाज संपेपर्यंत स्वस्थ उभ्या राहतात. बोलत कांहींच नाहींत. मामांना ज्या आवाजांत आपली पंचविशी ऐकूं येते, तो आवाज आठवणीदाखल, केवळ लोकांनीं टाळ्या वाजवाव्यात म्हणून, पुन्हा आकाशांत आणावा काय? देशाच्या रक्षणासाठीं उडणें निराळें. तेथें त्या माउलीनेंही कधीं तक्रार केली नाहीं. स्मरणासाठीं उडण्यांत जो धोका आहे तो कोणी कोणाच्या वतीनें पत्करावयाचा?

मीं हें सारें एका रविवारीं मामांपुढें मांडलें. त्या बाईंचें नांव निघालें तेव्हां त्यांनीं खिडकीबाहेर पाहिलें. बऱ्याच वेळानें म्हणाले, "गर्दीवरून नको उडवूं देत. समुद्रावरून उडवावें. वर्षांतून एकदां. पाहणारे नसले तरी चालेल." मीं विचारलें, पाहणारे नसतील तर उडवावयाचें कशाला? ते म्हणाले, "उडविणारा पाहिजे म्हणून का उडवावयाचें? तें उडतें ठेवावयाचें म्हटलें कीं चाळीस माणसांना तें काम यावें लागतें. चौथऱ्यावर बसविलें कीं एका रंगाऱ्याला आलें तरी पुरतें."

या उत्तरानें माझें पुरतें समाधान झालें असें नाहीं. त्या बाईंना ऐकूं येणार नाहीं इतका दूरचा समुद्र कोठें आहे, हा प्रश्न मला अजून आहे. पण मामांच्या म्हणण्यांतील दुसरी गोष्ट माझ्या मनांत रुतली. काशीचें हरिकेन उभें राहिलें तें नुसत्या सांगाड्यावर नव्हे. त्याचे जुने नकाशे आणि तें बांधणाऱ्यांच्या हाताच्या खुणा कोणीतरी टिपून ठेवल्या होत्या म्हणून. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ओझरला बांधलेलें पहिलें तेजस विमान आकाशांत गेलें. तेथें आतां जीं मुलें काम करतात त्यांतील फारच थोड्यांनीं मिग-२१ च्या पोटांत आडवें पडून रिव्हेटला ठोकळा लावला असेल. मामा ७७ वर्षांचे आहेत. त्यांचा तो बाहेरचा जोडीदार चार वर्षांपूर्वीं वारला.

तेव्हांपासून दर रविवारीं दुपारीं मी वही घेऊन त्यांच्याकडे जातों. ते सांगतात आणि मी लिहून घेतों. जें सांगण्याजोगें नाहीं तें ते सांगत नाहींत. त्या जागीं डोळे मिटून घेतात आणि मी एक ओळ मोकळी सोडतों. हत्यारांचीं नांवें झालीं, पत्रा वांकविण्याच्या रीती झाल्या, कोणत्या जागीं हात पोंचत नाहीं आणि तेथें किडकिडीत माणूस कसा आडवा पडतो तें झालें. आकृत्या माझ्या हातून चांगल्या येत नाहींत, म्हणून त्या माझी मुलगी काढते. एकंदर ६१ पानें भरलीं आहेत. गेल्या खेपेस पंखाच्या मुळाशीं आम्ही पोंचलों होतों; येत्या रविवारीं चाकें पोटांत कशीं मिटतात तें सांगणार आहेत, आणि त्यासाठीं मामींनीं त्यांना जुनी छत्री मोडावयास दिली आहे.